खाडा

दिवाळी जवळ आली की माळा आवरण्याचे काम माझ्याकडे येते. उंची हा एक गुण तरी माझ्या अंगी आहे, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. यंदा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली, तर तिच्यात माझ्या जुन्या वह्या निघाल्या. मोजून अकरा. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'श्री', खाली कादंबरीचे नाव, त्याखाली माझे नाव आणि तारीख. तीही बहुधा पाडव्याची. माझे लेखन मात्र एकाही वहीत दहाव्या पानापलीकडे गेलेले नव्हते.

तरीही त्यांतल्या तीन वह्या अगदी शेवटच्या पानापर्यंत भरलेल्या होत्या. कोरी पाने वाया जाऊ नयेत म्हणून आमच्या मंडळींनी त्यांत दुधाचा हिशेब लिहिला होता. एकीत माझा नायक रेल्वे स्टेशनवर नायिकेची वाट पाहत उभा आहे आणि पान उलटले की 'सोमवार, दीड लिटर'. पाहुणे आले त्या दिवशी अडीच लिटर. ती माहेरी गेली ते चार दिवस 'खाडा, खाडा, खाडा, खाडा'. पाचव्या दिवशी पुन्हा दीड लिटर. नायक बिचारा अजून स्टेशनवरच आहे. दुधाचा हिशेब मात्र वर्षभर बिनचूक चालला होता.

त्या काळी माझी समजूत अशी होती, की लेखन हे अंगात यावे लागते. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली, हे कुठेतरी वाचले होते. तेवढेच मी घट्ट धरून ठेवले होते. आपल्यालाही असे पाच दिवस कधीतरी मिळतील, मग पाहा! ते दिवस दिवाळीच्या सुटीत मिळाले नाहीत आणि मेच्या सुटीतही मिळाले नाहीत. तुरुंगात जाण्याची सोय नव्हती. पुढे कळले, की हेच गुरुजी त्याआधी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. शाळा शिकवून, मुलांची आजारपणे काढून, रोज! नाशिकच्या त्या पाच दिवसांच्या मागे केवढी उजळणी होती, हे माझ्या लक्षात यायला पुष्कळ वर्षे जावी लागली. खांडेकरही आमच्याच धंद्यातले. १९२० साली ते शिरोड्याला शिक्षक म्हणून गेले आणि त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' आली १९३० साली. हे दहा वर्षांचे अंतर मला त्या काळी कोणी सांगितले असते, तर मी एवढ्या वह्या विकत घेतल्या नसत्या.

खरे म्हणजे रोज लिहिणारा माणूस मी लहानपणापासून घरातच पाहत होतो. अण्णा बार्शीच्या बाजारपेठेत एका आडत दुकानावर दिवाणजी होते. रात्री दुकान बंद झाले, की ते गादीवर बसून कीर्द लिहीत. मी डबा घेऊन जाई आणि पोत्याला टेकून वाट पाही. पाच पैशांचा फरक निघाला, तरी अण्णा उठत नसत. पावसाळ्यात एखाद्या दिवशी दुकानात चिटपाखरू फिरकत नसे. असा एक दिवस पाहून मी म्हणालो, "अण्णा, आज काही झालंच नाही. मग लिहायचं काय?"

"तिथी लिहायची, वार लिहायचा आणि कालची शिल्लक वर मांडायची," ते म्हणाले. "शिल्लक तर कुठे गेली नाही ना?"

कीर्दीची रीतच अशी असते. काल रात्री पेटीत जे उरले, ते आज सकाळी जमेच्या बाजूला पहिल्या ओळीत येते. पान कधी कोरे म्हणून सुरू होतच नाही. मी नव्या वहीसमोर तासन् तास बसे तो नेमका या ओळीवाचून. आता मी रोज थोडे हातचे राखून उठतो. पुढचे वाक्य, पात्राच्या तोंडची एखादी गोष्ट ठाऊक असते, जीभेवर आलेली असते, तरी लिहीत नाही. कोपऱ्यात दोन शब्दांची खूण तेवढी करून ठेवतो. सकाळी ती खूण दिसली की हात आपोआप चालू लागतो. लिहिण्याच्या धंद्यातली दुसरी कुठलीही युक्ती मला येत नाही.

पण वेळ कुठून आणायची? आमच्याकडे नळाला पाणी येते पहाटे पाचला आणि पाऊण तासाने जाते. शाळा, शिकवण्या आणि निबंधाच्या वह्या यांतून मोकळी अशी तेवढीच वेळ मला सापडली. (मुलांच्या निबंधांखाली 'नियमित सराव करावा' असा शेरा मी त्या काळीही मारीत असे. असो.) मी उठून दिव्याखाली बसू लागलो. दोन महिने लेखन झकास चालले. एके दिवशी बायको बादली दारात टेकवून म्हणाली, "अहो, तुमची एक ओळ होते तोवर माझ्या सहा बादल्या होतात. कादंबरीत कुणी पाणी भरतं का हो?"

माझ्या कादंबरीत कोणीही पाणी भरीत नव्हते.

ट्रोलोप नावाचा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरीला होता. तो पहाटे साडेपाचला टेबलाशी बसे आणि पुढ्यात घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. त्याचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्यात ही कबुली आहे. मला घड्याळापेक्षा दुसरीच गोष्ट आवडली. त्याला पहाटे उठविणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराला तो त्या कामाबद्दल वर्षाला पाच पौंड जास्त देत असे आणि आपल्या यशात त्याच्याइतका वाटा दुसऱ्या कोणाचाही नाही, असे त्याने मोकळेपणी लिहून ठेवले. माझ्या मोतद्दाराला मी काहीच देत नव्हतो. तेव्हापासून पाणी मी भरतो. शेवटची बादली ठेवली की पावणेसहा ते साडेसहा लिहितो आणि तेवढा वेळ ती निजते. पहिली कादंबरी अशी साडेतीन वर्षांत झाली. तिच्यात पाणी भरणारी एक बाई आहे. वाचकांची पत्रे आली ती सगळी तिच्याबद्दलच.

तीन वर्षांपूर्वी बायकोचे मोठे ऑपरेशन झाले. बेचाळीस दिवस मी एक अक्षरही लिहिले नाही. ती घरी आली, हिंडू-फिरू लागली, तरी मला वहीला हात लावण्याचा धीर होईना. एवढा मोडलेला नेम कुठून सांधायचा? बुडालेले दिवस भरून काढायचे, तर दुप्पट लिहायला हवे. आणि दुप्पट लिहिणे तर दूरच, एक ओळही सुचत नव्हती. मला वाटले, बारावी वही ट्रंकेत गेली.

त्याच सुमारास बार्शीला जाणे झाले. अण्णा जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांच्या दुकानात आता संगणक आहे. मालकांच्या मुलाने जुन्या कीर्दी पाहायला दिल्या. माझी आई गेली त्या वर्षीची मी मुद्दाम मागून घेतली. आई गेली तो दिवस सापडला. पानावर अक्षर मालकांचे; किरटे, सवय नसलेले, दोन ठिकाणी खाडाखोड. पुढची तेरा पानेही त्याच हातची. चौदाव्या पानावर अण्णांचे अक्षर परत आले होते. वर 'श्री', तिथी, वार आणि पहिल्या ओळीत आदल्या रात्री मालकांनी काढलेली शिल्लक, जशीच्या तशी. मी ते अक्षर कितीतरी वेळ निरखून पाहिले. ते कुठे हलले आहे असे मला वाटले नाही. फक्त त्या दिवशी उलाढाल थोडी होती, चार-पाच नोंदी.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी पाणी भरले आणि वही उघडली. बेचाळीस दिवसांपूर्वीची खूण कोपऱ्यात तशीच होती: 'विहीर, दोर'. काय लिहावयाचे होते ते पार विसरलो होतो. म्हणून आधी तारीख घातली, तिच्याखाली 'खाडा: बेचाळीस दिवस' असे लिहिले आणि दोराविषयी एक ओळ लिहिली. मग दुसरी.

बायको मागून केव्हा आली कळले नाही. तिने पानावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "दूधवाल्याला सांगा, उद्यापासून पुन्हा दीड लिटर."