घाटाच्या पायथ्याचं जेवण

कर्जत

प्रिय अनघा,



तुझं पत्र पोचलं. लंडनच्या गर्दीच्या स्टेशनाशेजारच्या त्या झकपक लेबनीज हॉटेलातलं जेवण तू छान रंगवलंयस. पितळी दिवे, छोट्या छोट्या बशांमधलं हमस आणि लबने, विस्तवावर भाजलेल्या वांग्याचं बाबा गनूश. हे शेवटचं तर आपल्या भरिताचं चुलत भावंडच. शेवटी तू विचारलंस, आपल्या कर्जतला स्टेशनाजवळ असं काही का नाही? या प्रश्नावर मला मनापासून लिहावंसं वाटलं.

स्टेशनाजवळचं खाणं तिथे गाडी किती वेळ थांबते त्यावर ठरतं. कर्जतहून लोणावळा जेमतेम 28 किलोमीटर, पण तेवढ्यात गाडीला पाचशे मीटरहून जास्त चढायचं असतं. सगळ्यात अवघड ठिकाणी दर 37 मीटरला 1 मीटर चढ. 1856 साली रूळ खोपोलीपर्यंत आले, तेव्हा लोक तिथे उतरून पालखीत नाहीतर घोड्यावर बसून घाट चढत. 1863 साली भोर घाटातून गाडी धावू लागली. गाडीला मागून रेटायला कर्जतला बँकर इंजिनं जोडतात. ती जोडेपर्यंत जी दोन-चार मिनिटं मिळतात, त्यांत कर्जतचा वडा मोठा झाला.

दिवाडकरांचा वडा तू लहानपणी खाल्लायस. कागदात गरम वडा, सोबत लाल सुकी चटणी आणि मीठ लावलेली तळलेली मिरची. खिडकीतून पैसे बाहेर, वडा आत, सुटे पैसेही हातात, आणि तेवढ्यात शिट्टी. गाडी हलली की विक्रेते ओळीने उभे राहून तिला नमस्कार करतात. बसायला खुर्ची न देता केलेलं इतकं अगत्य मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तुझ्या ताटाशी आमचं नातंही आहे. हमसमधला हरभरा आणि वड्याच्या बेसनातला हरभरा एकाच मुलखातून निघाले. आजच्या आग्नेय तुर्कस्तानात, सीरियाच्या सीमेलगत, हे पीक माणसाने हजारो वर्षांपूर्वी हाताशी धरलं. लेबनॉनलाही आपल्यासारखाच घाट होता. 1895 साली बेरूत–दमास्कस रेल्वे सुरू झाली, ती दातेरी रुळांच्या आधाराने डोंगर चढायची. 1975 साली पेटलेल्या यादवी युद्धात ती बंद पडली. त्या देशाचं जेवण आज जगभरच्या स्टेशनांजवळ मिळतं आणि त्याच्या स्वतःच्या स्टेशनांत मात्र गाडी येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून कर्जतची काळजी वाटते. 2023 मध्ये सुरू झालेली मुंबई–सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. द्रुतगती मार्गाने जाणारे खालापूरच्या फूड मॉलमध्ये निवांत बसून खातात. प्रवास सुखाचा झाला, त्याचा आनंदच आहे. पण गाड्या थांबायच्या बंद झाल्या, तर फलाटावर डोक्यावर टोपली घेऊन धावणाऱ्यांनी जायचं कुठे? घाट चढायला बँकर लागो न लागो, कर्जतचा थांबा राहायला हवा. जंक्शनच्या गावाचं पोट थांब्यावर चालतं.

तुझं हॉटेल तासभर बसू देतं, चवीचवीने खाऊ घालतं. आमचा फलाट दोन मिनिटांत भूक भागवतो. वाटसरूकडे जेवढा वेळ आहे तेवढ्यात त्याला ताजं, गरम आणि खिशाला परवडेल असं देणं, हा दोघांचाही धर्म. तो नीट पाळला जातो तिथे दिवे पितळेचे आहेत की नाहीत याने काही बिघडत नाही.

सुट्टीत येशील तेव्हा मुंबईहून कर्जतला थांबणाऱ्या गाडीनेच ये, मी फलाटावर असेन. आणि त्या हॉटेलात पुन्हा गेलीस तर त्यांच्या हरभऱ्याच्या वड्यांत, म्हणजे फलाफलात, कोथिंबीर किती घालतात ते आचाऱ्याला विचारून कळव. हरभरे भिजत घालायची माझी तयारी आहे.

तुझी,
मावशी