दुसरे टोक

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांचे क्रिकेट आहे, असे आम्ही एकदा कचेरीत बोलून बसलो. तेव्हापासून कार्यालयाच्या संघासाठी आम्हांला दरवर्षी आग्रह होतो. वस्तुस्थिती अशी की, आजोबा, वडील आणि आम्ही, तिघांनी मिळून चाळीच्या अंगणाबाहेर एकही धाव काढलेली नाही. आमच्याकडे क्रिकेट खेळण्यापेक्षा ते सांगण्याचीच चाल. देवघरातले टाक बापाकडून मुलाकडे यावेत, तसे आमच्या घरी सामने येतात.

आजोबांचा सामना १९४३ सालचा. ब्रेबोर्नवर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना चालला होता. हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव घोषित केला. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. उलट बाजूस ‘शेष’ संघात सांगलीचे विजय हजारे. त्यांच्या संघाच्या दुसऱ्या डावात ३८७ धावा झाल्या, पैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. गिरगावातून चालत गेलेले आमचे तेरा वर्षांचे आजोबा हिंदू संघाचे पक्षपाती; पण जन्मभर त्यांनी गोडवे गायिले ते विजयरावांचे बंधू विवेक यांचे. भावाभावांनी ३०० धावांची भागी केली, तीत विवेक यांच्या २१. “एकवीस!” आजोबा बोट उंचावून म्हणत, “अरे, पण दुसरे टोक कोणी धरायचे?” तो संघ एक डाव ६१ धावांनी हरला, हे ते अगदी शेवटी सांगत.

आमच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, सामना ओव्हलचा. २४ ऑगस्ट १९७१. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ३८ धावांत ६ गडी बाद करून इंग्लंडला १०१ वर गुंडाळले होते. संध्याकाळी वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली, तेव्हा चाळीत रेडिओभोवतीच्या मंडळींपायी आरती खोळंबली होती. अण्णा अकरा वर्षांचे होते.

आम्हीही अकराव्याच वर्षी आमचा सामना मिळवला. १४ मार्च २००१, कलकत्त्याचे ईडन गार्डन. लक्ष्मण आणि द्रविड सकाळी ४ बाद २५४ वर खेळावयास आले आणि संध्याकाळी ४ बाद ५८९ वर परतले. दिवसभरात एकही गडी बाद झाला नाही. अण्णांनी किरकोळ रजा टाकली होती. परीक्षा तोंडावर असूनही त्यांनी आम्हांला टीव्हीसमोरून उठवले नाही.

पुढे केंद्र सरकारच्या नोकरीने आम्हांला त्याच ईडन गार्डनच्या गावी आणून टाकले. अण्णा मितभाषी. दूरध्वनीवर पगाराविषयी ते विचारीत नाहीत, प्रकृतीविषयी सांगत नाहीत. सामना असला म्हणजे मात्र प्रश्नांना अंत नसे. कसा बाद झाला? चेंडू कोठे पडला? झेल कोणी, कोठे घेतला? गेल्या पावसाळ्यात एकदा आम्ही हिशेबाच्या कामाने त्रासून म्हटले, “अण्णा, टीव्ही तुमच्यासमोर चालू आहे ना? मग मला कशाला विचारता?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, “बरं, कर तुझं काम.”

दिवाळीत रजेवर डोंबिवलीस गेलो. टीव्ही चालू होता आणि अण्णा पडद्याकडे कान करून बसले होते. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी बरीचशी नेली होती. टीव्हीवरचा समालोचक पाहणाऱ्यांसाठी बोलतो. चेंडू कोठे गेला, हे सांगण्याची त्याला गरज नसते. अण्णांना धावा ऐकू येत, खेळ दिसत नसे. आई हळूच म्हणाली, “तुला कळवू नको म्हणाले. परमुलखात आहेस, रजा मोडून धावत येशील.” आमच्या तोंडून शब्द फुटेना. वर्षभर अण्णा आमचे डोळे उसने मागत होते आणि आम्ही त्यांना टीव्हीकडे बोट दाखवीत होतो.

आता ते काम आमच्या आठ वर्षांच्या चिरंजीवांकडे आहे. शेजारी बंगाली, शाळेत इंग्रजी आणि हिंदी. घरच्या मराठीची अवस्था वाचकांस ठाऊक आहेच. पहिल्या दिवशी त्याने आजोबांना सांगितले, “बॉल तिकडे गेला.” अण्णा म्हणाले, “बाळा, मला ‘तिकडे’ दिसत नाही. नीट सांग.” तेव्हापासून आमच्या घरात ‘सरपटत’ आला, ‘हुकला’ आला, ‘निसटता झेल’ आला, ‘मागे सरून’ आणि ‘पुढे सरसावून’ आले. वर्षभराच्या दटावणीने आम्हांला जे साधले नाही, ते एका आंधळ्या होत चाललेल्या श्रोत्याने चार महिन्यांत साधले.

परवा तो कंटाळून म्हणाला, “आजोबा, हा दुसरा काहीच करत नाही. नुसता उभा आहे.”

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. “नुसता उभा? ऐक. १९४३ साली ब्रेबोर्नवर...”

सामना आम्हांला तोंडपाठ आहे. तरी आम्ही फाइल मिटली आणि खुर्ची फोनजवळ ओढली.