काकीचा परवाना

दुसऱ्याला जेवू घालण्यासाठी सरकारची परवानगी लागते, ही गोष्ट आमच्या कोकणी माणसाच्या गळी सहज उतरत नाही. माणसाला उपाशी ठेवायला कुठलाही परवाना लागत नाही. मग पानात भात वाढायलाच तो का लागावा? 2019 च्या चैत्रात आचऱ्याला गेलो, तेव्हा माझ्या काकीने हाच प्रश्न मला तिच्या मालवणीत विचारला.

"माझ्या हातचा खावन आजपावत कोणाचा पोट तरी दुखला काय रे झिला?"

दुखले नव्हते, हे मी शपथेवर सांगायला तयार होतो. तिरफळे घातलेले तिचे बांगड्याचे तिखले खाऊन मी लहानाचा मोठा झालो आहे. पण माझी साक्ष कायद्याला चालण्यासारखी नव्हती.

काका गेल्यापासून घरात काकी एकटी. मुलगा मुंबईत भाड्याच्या खोलीत. हापूसची कलमे आहेत, पण मोहोर एका वर्षी धरावा तर दोन वर्षे गळावा. अशात मालवणला येणाऱ्या पर्यटकांपैकी काही चुकार मंडळी आचऱ्याच्या किनाऱ्यावरही रेंगाळू लागली होती. पडवीलगतच्या दोन खोल्या त्यांना द्याव्यात आणि सोबत जेवण द्यावे, असे काकीने ठरवले. वयाच्या पासष्टाव्या वर्षी कोणापुढे हात पसरायचा नाही, एवढाच त्यातला मतलब. घराण्यात एम.ए. झालेला मी एकटाच. तेव्हा कागदाचे काम ओघानेच माझ्याकडे आले. मराठी साहित्य शिकलेल्या माणसाला सरकारी अर्ज भरता येतो, हा समज आमच्या गावात अजून शाबूत आहे.

तसे पाहिले तर जेवण विकणे कोकणी बाईला नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत बायकांनी खानावळी चालवल्या, आणि गावाकडे कुटुंब ठेवून आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे दोन वेळा जेवले. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी त्यांना प्रथम बँकेचे कर्ज हवे होते. काकीला कर्ज नको होते. तिला हवा होता फक्त एक नंबर.

अन्नभेसळीचा जुना कायदा 1954 चा. त्याची जागा घेणारा अन्नसुरक्षेचा कायदा 2006 साली संमत झाला आणि 5 ऑगस्ट 2011 पासून अमलात आला. आम्ही अर्ज भरला त्या वेळी वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल, तर मोठा परवाना लागत नसे. नोंदणी पुरे होई. तिची फी वर्षाला 100 रुपये. बारा लाख हा आकडा ऐकून काकी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या नियमांतले एक कलम मला फार आवडले. अर्ज आल्यावर अधिकाऱ्याने सात दिवसांत नोंदणी द्यावी, कारण लिहून नाकारावी किंवा तपासणीची नोटीस काढावी. आणि तीस दिवसांत काहीच कळवले नाही, तर अर्जदाराने खुशाल धंदा सुरू करावा! सरकारच्या मौनाचा अर्थ संमती असा लावणारे कलम सरकारनेच लिहावे, याचे मला कौतुक वाटले.

नियमांच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या अटी आहेत. त्या मी काकीला वाचून दाखवल्या. नखे कापलेली असावीत. कचऱ्याच्या भांड्याला झाकण असावे. स्वयंपाकाच्या जागी थुंकू नये. संसर्गजन्य आजार असलेल्याने अन्नाला हात लावू नये.

"ह्या सगळा माझ्या आवशीन शिकवलला," काकी म्हणाली.

ते बरेचसे खरे होते. मात्र आमच्या जुन्या सोवळ्यात हात कोणाचा, हे आधी विचारत. हात धुतला आहे का, हे नंतर. कायदा पहिला प्रश्न विचारतच नाही, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्याचे शंभर गुन्हे माफ करायला तयार आहे.

आमच्या अर्जावर तपासणीची नोटीस निघाली. आलेले अधिकारी देशावरचे, तरुण आणि अतिशय सभ्य होते. त्यांनी चपला खळ्यात काढल्या, चूल पाहिली, मासे ठेवायचे डबे उघडून पाहिले. जेवण वर्षभर देणार का, असे त्यांनी विचारले.

"गावपळणीचे तीन दिस सोडून बाराय म्हयने," काकीने सांगितले.

त्यांची लेखणी थांबली. मग त्यांना गावपळण समजावून सांगणे आले. काही वर्षांच्या अंतराने रामेश्वराचा कौल झाला, की सारे आचरे गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर जाते. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही. माणसे झोपड्या उभारून उघड्यावर रांधतात, भजने करतात आणि पुन्हा कौल घेऊन परततात. जुन्या साथींच्या काळात गावाला मोकळी हवा मिळावी म्हणून ही प्रथा पडली असेल, असा तर्क पुष्कळजण करतात. "म्हणजे आमच्या खात्याचे काम रामेश्वर आमच्या आधीपासून करतो आहे," अधिकारी हसून म्हणाले.

मग ते विहिरीपाशी गेले. आत डोकावून पाहिले आणि हळूच म्हणाले, "काकी, तुमच्या वर्गाला पाण्याचा दाखला सक्तीचा नाही. पण एकदा तपासून घ्या. डॉक्टरांकडूनही तब्येतीचा कागद घ्या."

"ह्याच बावीचा पाणी पिवन तीन पिढ्यो वाढल्यो, सायबानू. आणि माका काय झाला?"

काकीला काहीच झालेले नव्हते. मला मेरी मॅलन आठवली. न्यूयॉर्कमध्ये श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करणारी ही धडधाकट बाई जिथे जाई, तिथे माणसे विषमज्वराने आजारी पडत. 1907 साली जॉर्ज सोपर याने माग काढला, तेव्हा कळले की जंतू तिच्याच शरीरात मुक्कामाला आहेत, आणि तिला त्याचा पत्ता नाही. तिने ते कधीच मान्य केले नाही. पुन्हा स्वयंपाक करणार नाही, या अटीवर 1910 मध्ये तिला सोडले. 1915 मध्ये ती एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात सापडली, आणि तिथे पंचवीसजण आजारी पडले होते. पुढे 1938 साली मरेपर्यंत ती एका बेटावर एकटी होती. तिचा राग मला समजतो. ज्या हातांच्या चवीवर आपण पोट भरतो, त्या हातांवर कागदाने संशय घ्यावा, हे कोणाही सुगरणीला जिव्हारी लागणारच.

डॉक्टरांचा कागद निर्दोष निघाला. पाण्याचा निघाला नाही. कोलिफॉर्म जिवाणू आढळले, पाणी पिण्यास अयोग्य, असे प्रयोगशाळेने लिहिले होते. आमचा जांभा दगड म्हणजे नुसती चाळण. शौचालयाचा खड्डा विहिरीपासून जेमतेम वीस पावलांवर, आणि उताराच्या वरच्या अंगाला. याहून वेगळे काय होणार?

मी तो कागद वाचून दाखवला. काकी वाद घालील असे मला वाटले होते. ती बराच वेळ गप्प राहिली.

"त्या वर्सा पावस खूप होतो," ती शेवटी म्हणाली. "बावीचा पाणी तांबडा झाला होता."

कोणते वर्ष, हे मला विचारावे लागले नाही. काकीची पहिली मुलगी चार वर्षांची असताना विषमज्वराने गेली. तेव्हा मी पाळण्यात होतो. विहिरीला त्या वेळी कठडा नव्हता. पावसाचे पाणी परसातून थेट आत उतरायचे. कोणी देवाला दोष दिला, कोणी दृष्टीला, आणि काकीने, मला वाटते, स्वतःला. विषमज्वराला घरात शिरायच्या वाटा पुष्कळ. चाळीस वर्षांनी आलेल्या कागदावरून त्यातली एक निश्चित करता येत नाही, असे मी तिला सांगितले. ते खरेही आहे. तिने ऐकून घेतले आणि उठून पिण्याच्या पाण्याचे पातेले चुलीवर चढवले.

मुलाने पैसे पाठवले. खड्डा बुजवून खालच्या अंगाला, लांबवर दुसरा केला. ग्रामपंचायतीतून टीसीएल पावडर आणून विहिरीत टाकली. दुसऱ्या तपासणीत पाणी पास झाले. मग चौदा आकडी नंबराचे प्रमाणपत्र आले. ते पडवीत लावले, आणि त्याच मे महिन्यात पहिले कुटुंब जेवायला बसले. पाणी मात्र काकी आजही उकळूनच देते.

वर्षातून दोनदा ती प्रयोगशाळेची बाटली भरून स्वतः एसटीने घेऊन जाते. बाटली मांडीवर घट्ट धरून बसलेली पाहून एकदा कंडक्टरने विचारले, "काकी, औषध काय गो ता?"

"नाय रे," काकी म्हणाली, "पाणी आसा. परीक्षेक चल्ला."