अण्णांचे चाक

घरात एक भाऊ पुस्तकी आणि दुसरा हाताचा कसबी असला, म्हणजे त्या घरातले वाद सहसा संपत नाहीत. आणि दोघांनीही सत्तरी ओलांडली, की ते वाद मिटवायला मधे पडणारे वडीलधारेही उरलेले नसतात. आमच्या घरी असेच आहे. आम्ही इंदूरच्या एका शाळेत ३१ वर्षे पदार्थविज्ञान शिकविले. आमचे थोरले बंधू अण्णा गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद पडल्यावर रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या पडवीत बसून पंखे आणि पाण्याचे पंप रिवाइंड करून त्यांनी संसार चालविला. विजेविषयी जे पुस्तकात आहे ते आम्हांला ठाऊक, आणि जे पुस्तकात नाही ते अण्णांना. त्यामुळे विजेवर बोलणे निघाले, की वहिनी न सांगता चहाचे आधण ठेवतात.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आमचा भाचा एक रंगीत पत्रक घेऊन आला. त्यात एका चाकाचे चित्र होते. एका बॅटरीवर हे चाक फिरते, फिरता फिरता दुसरी बॅटरी भरते. मग बॅटऱ्यांची अदलाबदल करावयाची, की चाक पुन्हा सुरू. विजेचे बिल कायमचे बंद, असा मजकूर होता. अशी यंत्रे विकण्याची ह्या भागाची एजन्सी कोणी व्यापारी देत होता आणि अनामत म्हणून दोन लाख रुपये मागत होता. भाच्यापाशी पैसे नव्हते. अण्णांपाशी मुदतठेव होती. "मामा, वर्षात दुप्पट होतील," असे भाचा म्हणाला, आणि अण्णा पत्रकाकडे अशा नजरेने पाहू लागले, की आम्ही चपापलो.

ऊर्जा अक्षय्यतेचा नियम आम्ही हजारो मुलांना फळ्यावर लिहून दिला आहे. त्याच क्षणी तो अण्णांना ऐकवावा, असे जिभेवर आले होते. परंतु आजवर असे शंभर वाद आम्ही जिंकले, आणि प्रत्येक जिंकलेल्या वादानंतर अण्णा चार दिवस आमच्याशी बोलले नाहीत, हेही आठवले. शिवाय हरलेला माणूस बहुधा हट्टाने तेच करतो. म्हणून आम्ही एवढेच म्हणालो, "अण्णा, तुमच्या हातात कसब आहे. पैसे देण्यापूर्वी एक चाक आपणच करून पाहू या."

स्वतः फिरत राहणाऱ्या चाकाचा मोह काही आजचा नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणि' ग्रंथात पोकळ आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने असली यंत्रे ह्यापुढे तपासावयासच घ्यावयाची नाहीत, असा ठराव १७७५ साली केला. आणि हेल्महोल्ट्झने १८४७ साली त्या नकारामागील शास्त्र मांडले. आमच्या पत्रकातील चाक मात्र अगदी अलीकडचे. अमेरिकेतील जॉन बेडिनी ह्या गृहस्थांच्या नावाने ते प्रसिद्ध आहे. ते १९४९ साली जन्मले, २०१६ साली वारले, आणि अशा मोटारीचे एक पेटंट त्यांना २००२ साली मिळाले. जगभर हौशी लोक ती घरी बनवितात. यंत्र लबाडीचे नाही, ते खरोखर फिरते. प्रश्न त्याच्याविषयी जे सांगितले जाते त्याचा आहे.

अण्णांनी कामास आरंभ केला आणि त्यांचे वय दहा वर्षांनी उतरले. नातवाच्या सायकलचे २० इंची चाक निघाले. जेल रोडवरून ट्रान्झिस्टर, डायोड आणि निऑनचा बारीक दिवा आणला. वेल्डिंगच्या कांड्यांवरचा लेप ठोकून काढला आणि त्या सळयांची जुडी रिळात बसवून कॉइलचा गाभा केला. तांब्याच्या दोन तारा, एक जाड व एक बारीक, एकत्र पिळून त्यांचे ४०० फेरे अण्णांनी हाताने गुंडाळले. फेरे मोजताना ते कोणाशी बोलत नाहीत. चाकाच्या धावेवर सारख्या अंतराने १६ काळे लोहचुंबक चिकटविले आणि ते उडून कोणाच्या डोळ्यात जाऊ नयेत म्हणून वरून पट्टी गुंडाळली. ह्या यंत्रात सर्व चुंबकांचे उत्तर ध्रुव बाहेर असावे लागतात. पहिल्याच दिवशी चाक दर फेऱ्यात एकदा ठेचकाळू लागले. अण्णांनी होकायंत्र धाव्याशी धरून चाक हळूहळू फिरविले, आणि अकराव्या चुंबकापाशी सुईने तोंड फिरविले. तो उलटा बसला होता. तो चिकटविला होता आम्ही.

यंत्राची करणी सुंदर आहे. चुंबक गाभ्याकडे येतो तो लोखंडाच्या ओढीने. तो गाभ्यावरून पुढे सरकू लागताच बारीक तारेत उपजलेला दाब उलटतो आणि ट्रान्झिस्टरचे दार उघडतो. जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह वाहतो, कॉइलचे तोंडही उत्तर ध्रुव बनते आणि चुंबकाला पुढे लोटते. क्षणात दार मिटते. पण कॉइलमध्ये वाहणारा प्रवाह एकाएकी थांबण्यास राजी नसतो. तिचे चुंबकीय क्षेत्र कोसळताना दाब उसळतो, आणि तो लहानसा लोंढा डायोडमधून दुसऱ्या बॅटरीत शिरतो. दुसरी बॅटरी जोडलेली नसेल तर हा दाब शेकडो व्होल्टपर्यंत चढून ट्रान्झिस्टर जाळील. म्हणून निऑनचा दिवा, जो अशा वेळी स्वतः पेटून तो दाब पचवितो.

सूर जुळविणे हे खरे काम. बारीक तारेच्या वाटेत अण्णांनी कमीजास्त करता येणारा रेझिस्टन्स बसविला होता. तो कमी केला, की दार फार वेळ उघडे राही, प्रवाह वाढे आणि ट्रान्झिस्टर तापे. फार वाढविला, की चाक मंदावे. कॉइल आणि चुंबक ह्यांतले अंतर तीन मिलिमीटरवर आणले. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसे अण्णा कान देऊन बटण फिरवीत. चौथ्या संध्याकाळी एका जागी चाकाचा आवाज एकसारखा झाला, वेग वाढला, आणि प्रवाह उलट उतरून पाव ॲम्पियरवर स्थिरावला. "लागला!" अण्णा म्हणाले. वहिनीसुद्धा पदराला हात पुसत बाहेर आल्या.

आता आमच्या पतनाची हकीकत सांगितली पाहिजे. बॅटऱ्या दोन होत्या, दोन्ही नव्या, १२ व्होल्ट ७ ॲम्पियर-तासांच्या. रात्री दहा वाजता मीटर लावला तेव्हा चाक चालविणारी बॅटरी १२.५ व्होल्टवर होती, दोन तासांपूर्वी होती तेवढीच. भरणारी बॅटरी मात्र १३ च्या पुढे गेली होती. एक उतरत नाही आणि दुसरी चढते आहे! अण्णांनी आमच्याकडे पाहिले. वाचकहो, ३१ वर्षे ज्यांनी नियम शिकविला, ते आम्ही त्या रात्री अंथरुणावर पडून बिलाशिवाय चालणाऱ्या घराचा विचार करीत होतो. अण्णांना मोह पडला तो पैशाचा नव्हता, हे आम्हांला तेव्हा कळले. फिरणाऱ्या चाकापुढे बसले, की ते थांबू नये असेच वाटते.

सकाळी डोके ताळ्यावर आले. शिशाच्या बॅटरीचा दाब भरल्यापासून रिकामी होईपर्यंत जेमतेम एक व्होल्ट उतरतो; दोन तासांत तो हलणार किती? आणि भरत असलेल्या बॅटरीचा दाब हा वरवरचा फुगारा असतो. रात्रभर सोडून ठेवलेली ती बॅटरी सकाळी १२.१ दाखवीत होती. दाब म्हणजे साठा नव्हे. भात फुगून पातेल्याच्या काठाशी आला, म्हणून तांदूळ वाढत नाहीत.

तेव्हा साठा मोजावयाचा कसा? युक्ती अण्णांनीच काढली. स्कूटरच्या मागचा ५ वॅटचा दिवा घ्यावयाचा, भरलेल्या बॅटरीवर लावावयाचा, आणि दाब १०.५ व्होल्टवर येईपर्यंतचे तास मोजावयाचे. ह्यापेक्षा खाली बॅटरी नेली तर ती बिघडते. नेहमीच्या चार्जरवर पूर्ण भरलेल्या बॅटरीने दिवा १४ तास जाळला. नातवाच्या जुन्या वहीत अण्णांनी ते लिहून ठेवले. मग पहिली बॅटरी पुन्हा पूर्ण भरली, दुसरी दिव्यानेच रिकामी केली, आणि चाक सोडले. ते रात्र धरून २४ तासांहून अधिक चालले. पहिली बॅटरी संपल्यावर दुसरीवर दिवा लावला. तो ५ तास २० मिनिटे जळला.

चौदा दिले, सव्वापाच आले.

अण्णांनी त्या दिवशी काही म्हटले नाही, आम्हीही नाही. "अदलाबदल करून पाहू," एवढेच ते दुसऱ्या दिवशी बोलले. दुसऱ्या बॅटरीने पुन्हा भरली जाऊन आता तितकेच चाक चालविले आणि पहिली भरली. त्या पहिलीने दिवा पावणेदोन तास जाळला. तिसऱ्या फेरीत सकाळी नवाला सोडलेले चाक बारा वाजता, पाने मांडली जात असताना, थांबले. अण्णा जेवायला उठले नाहीत. थांबलेल्या चाकापाशी बसून त्यांनी ट्रान्झिस्टरवर बोट ठेवले, मग कॉइलवर तळवा ठेवला, मग आमचा हात ओढून तेथे टेकविला.

"हे बघ, कोमट आहे. थोडी इथे गेली. थोडी चाकाने वारा घातला त्यात गेली. थोडी बेअरिंगने खाल्ली. बाकीची बॅटरीने भरताना आणि देताना दलाली घेतली. चोर बाहेरचा नाही रे, सगळे घरातलेच."

हेल्महोल्ट्झचा नियम ह्याहून चांगला आम्हांला कधी शिकविता आला नाही.

चाकाला न्याय मिळावा म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. अशा झटक्यांनी जुन्या बॅटऱ्या पुन्हा जिवंत होतात, असेही म्हणतात. वापराविना पडलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात, आणि ते झटक्यांनी सुटतात, अशी कल्पना. अण्णांनी संगणकाच्या दुकानातून टाकाऊ अशा दोन बॅटऱ्या आणल्या. चाकावर आठवडाभर भरलेली बॅटरी दिवा २५ मिनिटे जाळीत होती ती एक तास ४० मिनिटांवर आली. अण्णा खूष झाले. पण दुसरी, जी तितकेच दिवस साध्या चार्जरवर मंद प्रवाहाने भरली होती, तीही २० मिनिटांवरून दीड तासावर आली. दोनच बॅटऱ्यांवरून निकाल देता येत नाही. तथापि गुण झटक्यांचा, की आठवडाभर सबुरीने भरण्याचा, हे चाकाने सिद्ध केले नाही. हेही वहीत लिहिले आहे.

पुढच्या रविवारी भाचा उत्तर घ्यायला आला. बोलण्याचे काम आपल्यावर येणार, असे आम्ही धरून चाललो होतो. अण्णांनी त्याला पडवीत नेले, वही हातात दिली आणि दिवा लावला. "बस. हा विझेपर्यंत बस, आणि घड्याळ बघ," म्हणाले. तो बिचारा दोन तास बसला. मुदतठेव बँकेतच राहिली. भाचा आता इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करून देतो, आणि प्रत्येक बॅटरी दिव्यावर तास मोजल्याशिवाय गिऱ्हाइकाला परत देत नाही.

चाक पडवीत अजून आहे. गल्लीतली मुले आली, की अण्णा ते फिरवून दाखवितात, आणि शेवटी प्रत्येकाचा हात कॉइलवर टेकवितात. अकराव्या चुंबकापाशी आले, की आमच्याकडे बघून हसतात. आम्ही उत्तर देत नाही.