बेल मारचे तर्कतीर्थ

मॉरिशसला मी गेलो तो मराठीच्या निमित्ताने; परतलो तो एका विमानाचा विचार करीत.

एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्या मराठी माणसांचे वंशज या बेटावर आहेत. त्यांपैकीच एक काका मला पूर्व किनाऱ्यावरचे बेल मार दाखवायला घेऊन गेले. शुभ्र वाळू, सुरूची झाडे आणि आग्नेयेकडून अखंड वाहणारा वारा. एवढा समुद्र समोर असला की प्राध्यापकाला बोलल्यावाचून राहवत नाही. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेले आणि ८ मार्च २०१४ रोजी २३९ माणसांसह नाहीसे झालेले ते मलेशियन विमान मी संभाषणात आणले.

या विमानाने घरोघर तर्कतीर्थ निर्माण केले आहेत! कोणी वैमानिकाला दोषी ठरवतो, कोणी चाच्यांना. कोणी ते थेट दिएगो गार्सियाच्या अमेरिकन तळावर उतरवतो. माझा ओढा या शेवटच्या तर्काकडे, कारण कादंबरी त्यातच अधिक. मालदीवच्या एका बेटावरील लोकांनी त्या सकाळी अगदी खालून जाणारे विमान पाहिल्याचे सांगितले होते. तेवढ्या धाग्यावर मी अख्खे पातळ विणले. रडारवरून दिसेनासे झाल्यावरही सुमारे सहा तास विमानाचे उपग्रहाशी संकेत चालू होते आणि ते दक्षिणेकडची वाट दाखवीत होते, हे मला ठाऊक होते. ते मी सोयिस्करपणे गिळले.

काकांनी शांतपणे विचारले, "गुरुजी, मग ती माणसं कुठं ठेवलीत तुम्ही?"

त्या माणसांत महाराष्ट्रातलीही काही होती. मला उत्तर सुचेना.

काका पूर्वी टॅक्सी चालवीत. २८ नोव्हेंबर १९८७ च्या पहाटे प्लेझान्सच्या विमानतळावर ते भाड्याची वाट पाहत उभे होते. तैपेईहून यायचे दक्षिण आफ्रिकेचे 'हेल्डरबर्ग' आले नाही. विमानात धूर झाल्याचे वैमानिकाने कळवले होते. मग ते समुद्रात कोसळले. १५९ जण होते, एकही वाचला नाही. जवळजवळ ४,९०० मीटर खोलीवरून ध्वनिमुद्रक वर काढला. आग मालाच्या कप्प्यात लागली हे चौकशीत ठरले. कशाने लागली, हे ठरले नाही. त्या एवढ्याशा फटीतून दारूगोळ्याच्या आणि अग्निबाणाच्या इंधनाच्या वदंता आत शिरल्या.

"सगळ्या ऐकल्यात मी," काका म्हणाले. "मागं बसलेलं गिऱ्हाईक सांगायचं. भाडं असायचं, ऐकून घ्यायचो."

मलेशियन विमानाच्या पंखाचा एक भाग २९ जुलै २०१५ रोजी शेजारच्या रेयुनियनवर लागला. २०१६ साली मॉरिशसलाही एक तुकडा मिळाला. तो त्याच विमानाचा, हे त्यावरच्या क्रमांकांवरून पटले. पश्चिमेकडे वाहणाऱ्या प्रवाहाने तो आणून टाकलेला. एका अमेरिकन वकिलाने स्वखर्चाने या समुद्राचे किनारे पालथे घातले आणि मोझांबिकला असाच तुकडा शोधला. हौशी असावा तर असा. तर्क त्यालाही असतील, पण पाय वाळूत होते.

परतताना काका मध्येच वाकले. प्लॅस्टिकची एक भगभगीत पांढरी फळी त्यांनी उचलली, पदराने पुसावी तशी सदऱ्याच्या टोकाने पुसली, दोन्ही बाजूंनी पाहिली. "नंबर नाही," म्हणाले, आणि भरतीचे पाणी पोचणार नाही अशा जागी सुरूच्या बुंध्याशी ती टेकवून ठेवली.