सातशे पन्नास, वीस, पाच

पाणी संपत आल्याचं आधी बोटांना कळतं. हात खाली जातो आणि तळाचा गाळ लागतो. तरी लगेच उभं राहायचं नसतं. दोन-तीनदा तळ लागेपर्यंत पोहत राहायचं आणि शेवटच्या काही मीटरमध्ये पायांनी जोरात पाणी मारायचं. इतका वेळ सगळं काम खांद्यांनी केलेलं असतं, पाय नुसते मागून आलेले असतात. त्यांना जागं केलं नाही तर उभं राहताच काठ एका बाजूला कलतो. आडव्या शरीरातलं रक्त उभ्या शरीरात नीट खेळायला चार-दोन श्वास लागतात. तेवढ्यात मी गॉगल कपाळावर सरकवते, टोपी ओढून काढते आणि ओल्या पायांनी तलावाचा उतार चढायला लागते. वर आडव्या दांड्यांवर सायकली रांगेनं टांगलेल्या असतात.

ट्रायथलॉनमधली माझी सगळ्यात आवडती जागा ही. इथे पोहणं संपलेलं असतं आणि सायकल सुरू व्हायची असते. खेळाडू तिला ‘टी-वन’ म्हणतात. सायकल आणि धावणं यांच्यामधली दुसरी ती ‘टी-टू’. घड्याळ मात्र थांबत नाही, इथला प्रत्येक सेकंद एकूण वेळेत मोजला जातो. नियम कडक आहेत. हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकल दांडीवरून काढायची नाही. सायकल हातानं ढकलत रस्त्यावरच्या रेघेपर्यंत न्यायची आणि रेघ ओलांडल्यावरच वर बसायचं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी अंगणात टॉवेल पसरते, त्यावर बूट, मोजे, नंबरचा पट्टा आणि चिक्कीचा तुकडा ओळीनं मांडते. मोज्यांत पावडर टाकते, नाहीतर ओल्या पायावर मोजा चढत नाही. मग डोळे मिटून एकेका वस्तूला हात लावत जाते. या मांडणीत मला पूजेच्या तयारीइतकाच आनंद मिळतो.

कोल्हापूरचा राजाराम तलाव शिवाजी विद्यापीठाजवळ आहे. पहाटे त्याच्यावर पातळ धुकं असतं आणि पाणी हवेपेक्षा ऊबदार लागतं. आमची पाण्याशी ओळख तरणतलावात झालेली नाही. कागलकडच्या शेतातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून आबांनी मला ढकललं आणि स्वतः खालच्या पायरीवर उभे राहिले. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला तळ दिसला नाही म्हणून भीती वाटत नाही. तलावात तेच लागतं. इथे तळाशी काळी रेघ नसते, भिंत नसते, की क्षणभर टेकायला काठ नसतो. आठ-दहा हातांमागे एकदा डोळे पाण्याच्या वर काढून दिशा बघावी लागते. सूर्य समोर असला की नारिंगी बोयासुद्धा दिसत नाही, म्हणून पलीकडच्या काठावरचं एखादं उंच झाड आदल्या दिवशीच हेरून ठेवायचं आणि त्याच्या रोखानं जायचं.

सुरुवातीचे शे-दोनशे मीटर अवघड. शंभर जण एकदम पाण्यात उतरलेले असतात. कुणाचा हात पोटरीवर पडतो, कुणाची टाच खांद्याला लागते, आणि छाती आवळल्यासारखी होते. त्या वेळी श्वास घेण्याचा अट्टहास करायचा नाही, सोडण्याकडे लक्ष द्यायचं. तोंड पाण्यात ठेवून लांबलचक बुडबुडे सोडायचे, छाती पुरती रिकामी करायची. मग पुढचा श्वास आपणहून आत येतो. जिवाची घालमेल इतक्या साध्या गोष्टीनं शांत होते हे मला या तलावानं शिकवलं, आणि त्याचा उपयोग मला पाण्याबाहेर कितीतरी वेळा झाला आहे.

ज्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात ते अंतर म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. त्याच्या दुप्पट ते ऑलिंपिकचं अंतर. त्यापुढे गोव्यात मिरामारला होते ती अर्धी आयर्नमॅन: १.९, ९० आणि २१.१. आणि पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन. आमच्याकडची कितीतरी माणसं हे सगळं करून आली आहेत, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पण स्पर्धा संपली, गळ्यात पदक पडलं की पाठीवर थाप पडते आणि लगेच प्रश्न येतो, “मग ताई, आता गोवा कधी?” विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते. तरी त्या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे: छोटं अंतर ही मोठ्या अंतराची पायरी, आणि पायरीवर कुणी राहत नाही. मला ती समजूत पटत नाही.

हा खेळ जन्मला तोच छोटा होता. २५ सप्टेंबर १९७४, बुधवार. अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे भागात, तिथल्या ट्रॅक क्लबच्या जॅक जॉनस्टोन आणि डॉन शानाहान या दोघांनी ही पहिली शर्यत भरवली. धावणं साधारण ६ मैल, सायकल ५ मैल, पोहणं सगळं मिळून ५०० यार्डांच्या आसपास. ४६ जण आले. आठवड्याच्या मधला वार, संध्याकाळची वेळ. दिवसाची कामं आटोपून आलेली माणसं. मागे राहिलेले पोहणारे अंधारात सापडले तेव्हा मोटारींचे दिवे पाण्यावर टाकून त्यांना वाट दाखवली गेली. त्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स नावाचा एक नौदल अधिकारी होता. पुढे १९७८ मध्ये हवाईत आयर्नमॅन सुरू केली ती त्यानं आणि त्याची पत्नी ज्युडी हिनं. म्हणजे मोठं अंतर छोट्याच्या पोटी जन्मलं. ती बुधवारची संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर फार वेळा येते. नोकरीवरून सुटलेली माणसं, वाळूत सोडलेले बूट, अंधार पडत आला तरी पाण्यात असलेला कुणीतरी आणि त्याच्यासाठी गाडी काठाकडे वळवणारा दुसरा कुणीतरी.

ऑलिंपिकनंही छोट्याच बाजूचं अंतर निवडलं. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन पहिल्यांदा आली तेव्हा ऑपेरा हाउसच्या परिसरात स्वित्झर्लंडच्या ब्रिजिट मॅकमॅहननं दोन तासांच्या शर्यतीनंतर अवघ्या दोन सेकंदांनी सुवर्ण जिंकलं. २०१२ ला लंडनमध्ये तेवढंही अंतर उरलं नाही. निकोला स्पिरिग आणि लिसा नॉर्डेन या दोघींची वेळ एकच लागली, १ तास ५९ मिनिटं ४८ सेकंद, आणि निकाल छायाचित्रावरून द्यावा लागला. टोकियोत फ्लोरा डफीनं बर्म्युडाला त्याचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. त्या बेटाची लोकसंख्या आमच्या कागल तालुक्याहून कितीतरी कमी. त्याच टोकियोत मिश्र रिलेही सुरू झाली: प्रत्येकी ३०० मीटर पोहणं, ६.८ किलोमीटर सायकल, २ किलोमीटर धावणं. जगातली सगळ्यात तयारीची माणसं तिथे जीव तोडून धावत होती.

आणि कोल्हापुरात तरी ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं ते ५७ किलो वजनगटात. हलक्या गटाची कुस्ती ही जड गटाच्या कुस्तीची तयारी आहे असं इथल्या कुठल्याही तालमीत कुणी म्हणणार नाही. त्या वजनाचा स्वतःचा वेग असतो, स्वतःचे डाव असतात. आमच्या गावचा वीरधवल खाडे २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकला ते ५० मीटर बटरफ्लायमध्ये. तरणतलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एवढंच अंतर.

छोट्या अंतराचा स्वतःचा डाव असा, की त्यात राखून ठेवायला जागा नसते. लांब शर्यतीत शहाणपण म्हणजे संयम: खाणं-पिणं वेळेवर, मीठ वेळेवर, वेग मुठीत. इथे पाण्यातून निघाल्यापासून श्वास वरच्या पट्टीत लागतो आणि तो तसाच टिकवायचा असतो. सायकलवर बसलं की विद्यापीठाचा परिसर मागे पडतो आणि वारा समोरून येतो. आम्हा हौशी स्पर्धकांना पुढच्याच्या आडोशाला राहून वारा चुकवायची मुभा नसते. ठरावीक अंतर सोडून चालवायची, म्हणजे प्रत्येकाला आपला वारा स्वतःच कापायचा. थंडीत उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कडेला थांबवलेले, रस्त्यावर उसाची चिपाडं, कुठूनतरी गुऱ्हाळाचा गोड, जड धूर. चिपाडावर चाक घसरतं म्हणून नजर सतत दहा-पंधरा हात पुढे. दुधाचे कॅन लावलेला मोटारसायकलवाला क्षणभर शेजारून चालतो आणि ओरडतो, “हाणा ताई, हाणा!” त्या एका हाकेवर पुढचा चढ सरतो. मी अतिशयोक्ती करत नाही. मांडीतली आग तीच असते, पण ती सोसण्याची तयारी वाढलेली असते.

मग टी-टू. सायकल दांडीवर अडकवायची, मग हेल्मेट काढायचं, बूट बदलायचे आणि पळायचं. आणि पाय आपले वाटत नाहीत. इतका वेळ ते गोल फिरत होते, कमरेत वाकलेल्या शरीराखाली. आता त्यांना अंग पेलायचं असतं, जमिनीचा दणका घ्यायचा असतो. पावलं आखूड पडतात, गुडघे उचलत नाहीत. मजा अशी, की आपण रांगतोय असं वाटत असताना घड्याळ बऱ्याचदा वेगळंच सांगतं. सायकलची लय पायांत उरलेली असते आणि आपण ठरवलं होतं त्यापेक्षा जोरात पळत असतो. सायकलवरून उतरल्या उतरल्या धावण्याच्या सरावाला ‘ब्रिक’ म्हणतात. रविवारी मी तो सराव करते, पाय हळूहळू ही बदली ओळखायला लागतात. पण पुरते सरावत नाहीत, आणि तेच मला आवडतं. तासा-दोन तासांत शरीर आधी पालथं, मग वाकलेलं, मग उभं होतं. जन्मल्यावर वर्षभर धडपडून मिळवलेली ती चाल त्या पहिल्या किलोमीटरमध्ये पुन्हा नव्यानं मिळते.

एका शर्यतीत या किलोमीटरला एक काका माझ्या बरोबरीला आले. पोटरीवर वयोगट लिहिलेला होता, साठीच्या पुढचा. श्वास मोजून घेत होते, पाऊल अगदी बारीक पण एकसारखं. बोलण्याएवढा दम दोघांतही नव्हता. वळणावर शाळेची मुलं पाणी घेऊन उभी होती, काकांनी दोन पेले घेतले, एक माझ्या हातात दिला, दुसरा स्वतःच्या डोक्यावर ओतला आणि म्हणाले, “चल पोरी, थांबू नको.” पुढे ते मागे राहिले. मी सरबताच्या टेबलाशी थांबून त्यांची वाट पाहिली आणि ते आले तेव्हा आम्ही दोघं जुन्या ओळखीच्या माणसांसारखे गवतावर बसलो. त्यांनी सांगितलं की हृदयाच्या आजारातून उठल्यावर डॉक्टरांच्या संमतीनं त्यांनी आधी चालायला, मग पळायला सुरुवात केली. त्यांना लांबच्या शर्यतीचं वेड नव्हतं. सकाळी दहाच्या आत घरी पोहोचून नातवाला क्लासला सोडायचं होतं, आणि ते सोडणार होते.

या अंतराची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. ते संसारात मावतं. बँकेची नोकरी, सासूबाईंची औषधं, मुलीची दहावी, यांतलं काहीच कुणावर ढकलावं लागत नाही. आठवड्याचे पाच-सहा तास, बहुतेक उजाडायच्या आतले. लांब अंतराच्या तयारीत रविवारचे चार-पाच तास एकट्या सायकलला द्यावे लागतात. ज्यांच्या घराला ते झेपतं त्यांनी जरूर द्यावेत. पण ज्या बाईच्या हातात पहाटेचा एक तास आहे, तिच्या त्या तासात पुरा खेळ बसतो. त्यात जिंकण्याची ईर्षा आहे, भीती आहे, तंत्र आहे, आणि शेवटच्या पाचशे मीटरला जीव काढून ठेवण्याचा क्षणही आहे. काहीही कमी केलेलं नाही.

परवा काउंटरशेजारच्या वहिनींनी दुपारच्या सुट्टीत डबा उघडता उघडता विचारलं, “मला जमंल का हो हे?” माहेर नदीकाठचं, पोहणं लहानपणापासूनचं, फक्त लग्नानंतर पाण्यात उतरल्या नव्हत्या. सायकल घरात मुलाची, गिअरची, धूळ खात पडलेली. मी म्हटलं, आधी डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या. मग सायकल आणा, सीट तुमच्या उंचीला लावू, ब्रेकच्या तारा नव्या घालू. पहिला महिना धावायचं नाही, नुसतं भराभर चालायचं. पाण्यात एकटीनं उतरायचं नाही, मी बरोबर असेन, आणि कमरेला तरंगता फुगा बांधायचा. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून सगळं ऐकलं. मग विचारलं, “रविवारी किती वाजता?”

“सहाला. हेल्मेट माझ्याकडं एक जादा आहे.”