एक आडसाली

भीमेकाठचे आमचे वडगाव रासाई म्हणजे उसाचे गाव. येथे काळ मोजतात तो पिकावर. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लावायचा आणि सोळा-अठरा महिन्यांनी तोडायचा, हा हिशेब शेंबड्या पोरालाही पाठ असतो. यंदा मात्र हाच हिशेब आमच्या घरात अवघड प्रश्न होऊन बसला.

माझ्या आजीला स्मृतिभ्रंश झाला आहे. आधी ती चुलीवरचे दूध विसरली, मग रानाची वाट, मग आम्हां नातवंडांची नावे. जन्मभर तिने आबांचे नाव उखाण्याखेरीज घेतले नव्हते. मधल्या काळात ती त्यांना आपला भाऊ समजून 'दादा' म्हणू लागली. आबा निमूटपणे 'ओ' देत. आता तीही हाक थांबली आहे. आजी अंथरुणाला खिळली आहे. घास तोंडात तसाच धरून बसते.

आबांनी डॉक्टरांना एकच विचारले, "किती दिवस?"

"सांगता येणार नाही, आबा."

आबांना वाटले, डॉक्टर लपवताहेत. म्हणून मी ग्रंथालयात बसून वाचू लागलो. भारतात साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना हा विकार आहे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीचा अंदाज आहे. त्याआधी, २००९ साली, बॉस्टन परिसरातील २२ शुश्रूषागृहांमधल्या ३२३ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. सगळे आजीसारखेच, अखेरच्या अवस्थेतले. १८ महिन्यांत त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक गेले, बाकीचे होतेच. गिळणे अवघड झाले, ताप किंवा न्यूमोनिया होऊ लागला, की धोका वाढतो. याहून नेमके कोणालाच सांगता येत नाही.

अठरा महिने! म्हणजे एक आडसाली. मी हे सांगितल्यावर डॉक्टर खरे बोलले होते, हे आबांना पटले.

पण मित्रहो, पटल्याने प्रश्न सुटत नाही. आडसालीचा पैसा तोडणीनंतर येतो आणि औषधपाण्याला तो आज लागतो. रात्रीची लाइट आली की पाणी धरायला रानात जावे लागते आणि आजीची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. वडील म्हणाले, "सगळे रान वाट्याने देऊ." आत्या म्हणाली, "आईला पुण्यात एखाद्या संस्थेत ठेवू." आबा चार दिवस काहीच बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी निम्मे रान वाट्याने दिले आणि निम्म्यात आडसाली लावला. पाण्याच्या रात्री वडिलांकडे आल्या. आत्या महिन्यातून आठ दिवस येऊन राहू लागली.

आपण महाविद्यालयात प्रेमावर पुष्कळ बोलतो, कविताही करतो. आबांना त्यातला एकही शब्द येत नाही. ते आजीला उशीच्या आधाराने सरळ बसवतात, दुधात कालवलेला मऊ भात चमच्याने भरवतात, ठसका लागला की थांबतात. एका वाटीला पाऊण तास लागतो. अठरा महिन्यांचा हिशेब त्यांनी रानापुरता ठेवला आहे.

आताशा आमच्या घरात 'किती दिवस' असे कोणी विचारत नाही. शनिवारी मी घरी गेलो की विचारतो, "आज किती घास गेले?" आबा नेमका आकडा सांगतात.